एकसष्टावा स्विच

यवतमाळात एखाद्या घरचं नेट बंद पडलं की लोक कंपनीच्या आधी नजीरभाईंना फोन लावतात. कंपनीचा फोन एक दाबा, दोन दाबा करत बसतो. नजीरभाई सरळ विचारतात, "मागची वायर उंदरानं तर नाही ना खाल्ली?" दहापैकी चार वेळा ती उंदरानंच खाल्लेली असते, आणि उरलेल्या सहा वेळा घरातल्याच कुणीतरी मोबाइल चार्ज करायला प्लग काढलेला असतो. हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला लाज वाटण्याऐवजी हसू येतं.

चोपन्न वर्षांचा माणूस. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, आणि रेडिओ ऐकणारे संपल्यावर मुलगा केबल टीव्हीच्या तारा ओढायला लागला. जिल्ह्यात असा रस्ता सापडायचा नाही, ज्यावरच्या एका तरी खांबाला नजीरभाईंनी मिठी मारली नसेल. नऊ वर्षांपूर्वी मारेगावजवळ अशाच एका खांबावरून ते खाली आले आणि डाव्या गुडघ्यात सळई घेऊन घरी गेले. डॉक्टर म्हणाले, खांब विसरा. बायको रशीदा म्हणाली, मीपण हेच म्हणत होते, पण माझं ऐकायला माझ्याकडे कुठे पदवी आहे.

तेव्हाची कंपनी छोटी होती, मालक ओळखीचा होता. त्यानं नजीरभाईंना घरी न पाठवता ऑफिसात एक खुर्ची दिली. पाय समोरच्या स्टुलावर टाकून ते तीन महिने नुसते बघत बसले. कोण काय टाइप करतं, त्यावर मशीन काय उत्तर देतं, चुकलं की काय होतं. इंग्रजीशी त्यांचं दहावीतच बिनसलं होतं, म्हणून एका दोनशे पानी वहीत ते सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहून घ्यायचे. पोरं हसायची. तिसऱ्या महिन्यात त्यातलंच एक पोरगं अडलं आणि नजीरभाईंनी बसल्या जागेवरून त्याला सांगितलं की तिसरी ओळ विसरलास. त्यानंतर हसणं बंद झालं.

स्विच म्हणजे इथं भिंतीवरचं बटण नव्हे. गावात आलेली नेटची एक तार घेऊन ती वीस-पंचवीस घरांना वाटून देणारी ती एक चपटी लोखंडी पेटी. अशा चौसष्ट पेट्या जिल्हाभर पसरल्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या आत शिरायचा अधिकार नजीरभाईंकडे होता. यवतमाळच्या खुर्चीत बसून ते मारेगावच्या पेटीत जायचे, एखाद्याची अडकलेली लाइन मोकळी करायचे, तिथून निघून थेट फुलसावंगीकडच्या पेटीत डोकवायचे. गुडघ्याला पत्ता लागायचा नाही. पोटापुरता पगार तर खांबावरही मिळत होता, पण ही खुर्ची म्हणजे त्यांच्या आयुष्यातली खरी कमाई होती. घरी ते हे बोलून दाखवत नसत. रशीदाला ते न बोलताही माहीत होतं.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं ही छोटी कंपनी विकत घेतली. तिकडून इंद्रजीत नावाचा तिशीतला साहेब आला. पोरगा वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं नजीरभाईंना भाई म्हटलं आणि स्वतःच्या हातानं चहा दिला. पण त्याच्या डोक्यावर पुणं बसलं होतं, आणि पुण्याचं म्हणणं असं की जी पेटी आपल्याला उत्तर देत नाही ती आपली नाही.

जानेवारीतल्या एका बुधवारी तसा हुकूमच आला. प्रत्येक पेटीत एक यादी टाकायची. यादीत ऑफिसच्या दोन कॉम्प्युटरांची नावं, एक नजीरभाईंचा लॅपटॉप, दुसरा पुण्याचा, आणि त्याशिवाय कुणालाही आत येऊ द्यायचं नाही. संध्याकाळी पाच वाजता पुण्याहून चौसष्ट पेट्यांना हाक मारली जाणार. उत्तर देईल तिच्यापुढे हिरवा ठिपका, न देईल तिच्यापुढे लाल. लाल का पडला याचं कारण त्याच रात्रीपर्यंत लिहून द्यायचं.

सकाळी आठला नजीरभाईंनी सुरुवात केली. असल्या कामात त्यांची एक सवय होती, तिला ते परतीचं तिकीट म्हणायचे. दूरच्या पेटीत काही नाजूक बदलायचं असलं की आधी तिला सांगून ठेवायचं, मी दहा मिनिटांत परत आलो नाही तर तू आपोआप बंद होऊन पुन्हा चालू हो. पेटी सांगितलेलं लगेच ऐकते, पण जतन कर म्हणेपर्यंत पक्कं लिहून ठेवत नाही. त्यामुळे ती बंद होऊन चालू झाली की नवं सगळं विसरते आणि जुन्यावर येते. कितीही गोंधळ घातला तरी दहा मिनिटांत माणूस पुन्हा आत.

चाळीस पेट्यांपर्यंत त्यांनी हे तिकीट काढलं. मग घड्याळाकडं बघितलं. मग वाटलं, चाळीस वेळा जे चुकलं नाही ते आता काय चुकणार. पुढच्या वीस पेट्या तिकिटाशिवायच झाल्या आणि झपाट्यानं झाल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते एकसष्टाव्या पेटीत शिरले. ही फुलसावंगीच्या पुढची, धावजी नाईक तांड्यावरची. आधी यादीत आपलं नाव लिहायचं आणि मग दार लावायचं, असा क्रम. नजीरभाईंनी आधी दार लावलं.

पडद्यावरचा कर्सर लुकलुकायचा थांबला. त्यांनी पुन्हा आत जायचा प्रयत्न केला. पेटीनं ओळख दाखवली नाही. यादीत कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून ती कुणालाच आत घेत नव्हती. तिचं काम मात्र चोख चाललं होतं. तांड्यावरच्या एकोणीस घरांत नेट सुरू होतं, पोरं मोबाइल बघत होती. बिघडलं होतं ते फक्त नजीरभाईंचं.

उपाय साधा होता. पेटीची वीज दहा सेकंद घालवायची. ज्या भागात दिवसातून सात वेळा लाइट जाते तिथं हे अवघड नसावं. पण दोन वर्षांपूर्वी तिथं आठ तास चालणारी बॅटरी कुणी बसवली होती? नजीरभाईंनीच. मोठ्या अभिमानानं बसवली होती, आणि पेढे खाल्ले होते. म्हणजे आता तिथल्या माणसाला फोन करून बटण दाबायला सांगणं आलं. तो माणूस म्हणजे हंसाबाई, जिला सगळा बंजारा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणतो.

प्रत्येक गावात पेटी कुणाच्या घरी ठेवायची हे नजीरभाई स्वतः ठरवायचे, आणि त्यांची रीत वेगळी होती. इतर लोक सरपंच नाहीतर दुकानदार बघतात. नजीरभाई विचारायचे, वर्षाचे बारा महिने घरी कोण असतं? तांड्यावरची निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात ती होळीला परततात. घरांना कुलपं लागतात. मागं राहतात ती म्हातारी माणसं. म्हणून पेटी हंसाबाईच्या ओसरीवर, एका छोट्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला.

"जय सेवालाल, याडी. नजीर बोलून राह्यलो."

"बोल भिया."

"एक काम होतं. पेटीचं कपाट उघड अन् आतलं काळं बटन बंद कर. धा गिनेपर्यंत थांब, मंग चालू कर."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"भिया, तूच सांगतलं होतं ना, फोनवर कोनी बी सांगो, बटनाले हात लावाचा नाही?"

"हो याडी. पन आता मीच सांगून राह्यलो ना."

"तू हे बी म्हंतलं होतं. मी सांगतलं तरी नाही."

नजीरभाईंनी कपाळाला हात लावला. म्हटलं होतं, आणि नुसतं म्हटलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी त्या भागात कुणीतरी फोन करत फिरलं होतं, मी ऑफिसातून बोलतो, पेटी बंद करा, वायर काढा. तीन तांड्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या फोनवाल्याचीच माणसं छपरावर बसवायच्या नेटच्या छत्र्या घेऊन हजर, तुमचं नेट बंद पडलं वाटतं, आमचं घ्या. नजीरभाई तेव्हा दुखरा गुडघा घेऊन गावोगाव फिरले. धावजी नाईक तांड्यावर नायक आणि कारभाऱ्यासमोर बैठक बसली. हंसाबाईनं संत सेवालालांच्या पांढऱ्या झेंड्याला हात लावून शब्द दिला. त्या जोशात नजीरभाईच पुढं बोलून गेले होते, माह्या आवाजाची बी नक्कल होते, मी समोर येऊन उभा राह्यलो तरच बटन बंद कराचं, नाही तं मले बी नाही म्हनाचं.

आता ती नाही म्हणत होती.

त्यांनी तिच्या सुनेला फोन लावला. रंजिता त्याच घराच्या पुढच्या खोलीत सरकारी दाखल्यांचं केंद्र चालवायची. सातबारा, जातीचा दाखला, अंगठा लावून बँकेतले पैसे काढून देणं, असं सगळं. आजूबाजूच्या तीन तांड्यांची माणसं तिच्याकडं यायची. चार वर्षांपूर्वीपर्यंत ती नवरा गोपाळबरोबर उसाच्या फडावर जायची. पोरगी रांगायची ती फडावरच्या झोपडीवजा कोपीत, पाचटावर. केंद्र निघालं आणि पहिल्यांदा ती मागं राहिली. पोरगी आता पहिलीत होती, एका शाळेत सलग दुसरी सहामाही.

नजीरभाईंनी तिला सगळं खरं सांगितलं. माझी चूक झाली, पाचच्या आत पेटीनं उत्तर दिलं पाहिजे, लाल ठिपका पडला तर जुनी पेटी म्हणून ते उचलून नेतील, आणि एकोणीस घरांसाठी नवी कुणी देणार नाही.

"मंग मी पुन्हा कोयत्यावर," रंजिता म्हणाली. तिनं हे अगदी सरळ आवाजात म्हटलं.

तिनं एक युक्ती केली. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल सासूच्या तोंडासमोर धरला. "पाह्य याडी, नजीरकाका समोर हायत. आता तरी देतं का किल्ली?"

हंसाबाईनं पडद्याकडं नीट निरखून बघितलं. "दिसून तं तोच राह्यला. पन हा फोनातला हाय. मले समोरचा पाह्यजे."

"याडी, लाइन जाईन आपली! पोरीची शाळा जाईन!"

"जाईन तं जाईन. झेंड्याले हात लावला हाय म्या."

फोन बंद झाला. नजीरभाईंना राग यायला हवा होता, पण येईना. तिचं काय चुकलं हेच सापडत नव्हतं. उरलेल्या तीन पेट्या त्यांनी तिकीट काढून उरकल्या. ऑफिसची गाडी मारेगावला गेली होती. त्यांनी इंद्रजीतला सांगितलं की फुलसावंगीची पेटी बघून येतो, आणि साडेबाराची उमरखेडची बस धरली.

बसमध्ये खिडकीजवळ बसून ते गुडघा चोळत राहिले. आर्णीला बस जी थांबली ती पाऊण तास थांबली, कारण कंडक्टरचं आणि एका बाईचं बोकडाच्या तिकिटावरून बिनसलं होतं. दोन्ही बाजूंना कापसाच्या शेवटच्या वेचणीची शेतं होती. नजीरभाईंच्या मनात पुन्हा पुन्हा एकच येत होतं. तिकीट काढलं असतं तर काय बिघडलं असतं? दहा सेकंदांचं काम. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याला सावध राहा म्हणून शपथा घातल्या त्यानं स्वतः एकवीस वेळा सावधपणा खिशात ठेवला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती बसच्या धक्क्यांबरोबर वाढतच गेली.

महागावला उतरून जीप मिळाली. फुलसावंगीहून पुढं ऑटो. तांड्यावर पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

ओसरीवर दोघी बायका बसल्या होत्या, मध्ये चार हातांचं अंतर, आणि तोंडं दोन दिशांना. रंजिताचे डोळे सुजले होते. खोलीबाहेर दाखल्यासाठी आलेली दोन माणसं मुकाट उभी होती. कपाटाजवळ जमिनीवर एक वरवंटा पडला होता. कुलूप फोडायला रंजितानं तो दुपारी उचलला होता म्हणे. सासूनं अडवलं नाही. नुसती बघत राहिली, आणि मग रंजितानंच तो खाली ठेवला.

नजीरभाई अंगणात उभे राहिले. "याडी, आलो मी. समोर हाय. माह्याकडून चूक झाली. बटन बंद कर."

हंसाबाई उठली. तिनं जवळ येऊन त्यांचा दंड दाबून बघितला, भाजीवालीकडं वांगं दाबून बघावं तसा. मग कमरेची किल्ली सोडली, कपाट उघडलं आणि काळं बटण बंद केलं. पेटीचे हिरवे दिवे विझले. ती मोठ्यानं मोजायला लागली. गोर बोलीत मोजत होती, दहाला थांबली आणि बटण चालू केलं. चार-पाच मिनिटं पेटी स्वतःशीच लुकलुकत राहिली. नजीरभाईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला, नाव टाकलं, परवलीची खूण टाकली, आणि पेटीनं त्यांना आत घेतलं. या वेळी त्यांनी आधी परतीचं तिकीट काढलं. मग यादी, मग दार, मग जतन. सगळं जागच्या जागी बसल्यावर तिकीट रद्द केलं. मग इंद्रजीतला फोन लावला.

"आली सर. फुलसावंगी आली."

"अरे वा, भाई. पण यादी पाचला गेली. तिच्यापुढं लाल आहे. काळजी करू नका. कारण लिहायचंय ना, मी लिहितो. पेटी अडकली होती, जागेवर जाऊन सुरू केली. तुमच्यावर काही येणार नाही."

नजीरभाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. उतरलं आणि लगेच त्यांना शंका आली.

"मंग पेटीचं काय होईन?"

"जुनी आहे, अडकते असं कारण पडलं तर मार्चमध्ये काढतील. धोरणच तसं आहे. एकोणीस कनेक्शनसाठी नवी येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

"अन् पेटी चांगली हाय, चूक माणसाची हाय, असं लिवलं तं?"

इंद्रजीतनं आवाज खाली आणला.

"मग पेटी राहील. पण ज्याची चूक त्याचा दुरून पेटीत शिरायचा अधिकार काढतात, भाई. पुण्याचा नियम आहे, त्यात माझ्या हातात काही नाही. तुम्हाला फक्त जागेवरची कामं राहतील. बस, जीप, उन्हातान्हात. तुमचा पाय बघता..." तो अडखळला. "असं करा, आज रात्रीपर्यंत फॉर्म खुला आहे. विचार करा."

नजीरभाई ओसरीच्या कडेला बसले. विचार करायला फार नव्हतं आणि तरी तो होईना. चौसष्ट पेट्या, ती खुर्ची, ती वही. पुढं सात-आठ वर्षं नोकरीची. एक ओळ इंद्रजीतनं लिहिली की कुणाला काही कळणार नव्हतं. यात खोटंही फार नव्हतं, पेटी खरोखरच उत्तर देत नव्हती. मार्चला अजून दोन महिने होते, आणि दोन महिन्यांत माणसं कितीतरी गोष्टी विसरतात.

समोर हंसाबाई चुलीशी बसून भाकरी थापत होती. सकाळपासून घरात चूल पेटली नव्हती, असं रंजितानं सांगितलं. नात शाळेतून आली ती शेजारी जेवली. म्हातारीनं पाणीसुद्धा घेतलं नाही, दिवसभर कपाटासमोर बसून होती. आपल्याच नातीची शाळा जाईल हे ऐकून, सुनेचं रडणं ऐकून, ती बसून होती, कारण नजीर नावाच्या एका माणसानं एकदा तिला सांगितलं होतं की बटणाला हात लावायचा नाही. तिला त्या पेटीतलं काही कळत नव्हतं. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

"रंजिता," नजीरभाई म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरवर एक फॉर्म भराचा हाय. माह्यं इंग्रजी कच्चं हाय. तू लिव."

खोलीत जाऊन ती बसली. त्यांनी लॉगिन करून दिलं, फॉर्म उघडून दिला. तिनं वाचत वाचत रकाने भरले. पेटीचा नंबर, जागा, बंद पडल्याची वेळ. कारणाच्या रकान्याशी ती थांबली.

"लिव. पेटीत काही दोष नाही. नजीर शेख यानं क्रम चुकवला, आधी दार लावलं. खबरदारी घेतली नाही."

रंजितानं मान वर केली. ओसरीवरून फोनचं बोलणं तिनं ऐकलं होतं, पूर्ण नाही तरी पुरेसं. "काका, हे लिवलं तं तुमचं..."

"लिव ना, पोरी."

"मी काहून लिवू? तुमच्या हातानं लिवा. आमच्यासाठी कायले करून राह्यले तुमी हे?"

"तुमच्यासाठी नाही करून राह्यलो. चूक माह्यी हाय तं पेटीवर कायले टाकू? पेटीले तोंड नाही, म्हनून?"

ती कीबोर्डकडं वळली. मग एक एक अक्षर शोधत असल्यासारखं, हळूहळू, तिनं ते लिहिलं आणि पाठवलं. तांड्यावरच्या त्याच पेटीतून, त्याच तारेवरून, ते पुण्याला गेलं. जायला एक सेकंदही लागला नाही.

बाहेर आल्यावर हंसाबाईनं विचारलं, काय लिवलं? रंजितानं तिला गोर बोलीत सांगितलं. म्हातारीनं भाकरी तव्यावर उलटली. "भिया, दुसरं काही लिवलं असतं तं कोनाले समजलं असतं?"

"कोनाले नाही."

म्हातारी उठली. ताटात भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढून ताट त्यांच्यापुढं सरकवलं, आणि सुनेलाही हाक मारली. तिघं जेवली. नजीरभाईंना त्या दिवशी भूक लागली आहे हे जेवायला बसल्यावर कळलं. आठची शेवटची गाडी होती, तिनं ते महागावला आले आणि तिथून रात्री उशिरा यवतमाळला घरी.

रशीदानं सगळं ऐकून घेतलं. "अच्छा किया," ती म्हणाली, आणि गुडघ्याला लावायचं तेल गरम करायला उठली. स्वयंपाकघरात ती जरा जास्त वेळ थांबली.

आठवड्यानं इंद्रजीत स्वतः त्यांच्या टेबलाशी आला. बोलायचं होतं पण बोलवेना, तेव्हा नजीरभाईंनीच त्याची सुटका केली. झालं ना, सर? झालं, तो म्हणाला. तांड्याची पेटी राहिली. तिच्यापुढं 'योग्य' असा शेरा पडला आणि पुढच्या तीन वर्षांच्या यादीत ती गेली. नजीरभाईंचं नाव मात्र चौसष्ट पेट्यांच्या आतून पुसलं गेलं.

खुर्चीवर आता आरिफा बसते, यवतमाळातलीच, पॉलिटेक्निक झालेली, हुशार मुलगी. पहिल्या दिवशी नजीरभाईंनी तिला परतीचं तिकीट शिकवलं. तीन वेळा शिकवलं. तिला वाटलं, म्हातारा आहे, बोलू दे. ते सकाळी पिशवी घेऊन बसस्टँडला जातात, कधी राळेगाव, कधी पुसद, आणि दिवेलागणीला परततात. चढताना एसटीची पहिली पायरी फार उंच असते, तिथं ते जरा थांबून दांडा दोन्ही हातांनी धरतात.

एका संध्याकाळी ऑफिसात कुणी नव्हतं. आरिफा पडद्यावर अडली होती, पुसदकडच्या एका पेटीतली एक ओळ तिला सापडत नव्हती. नजीरभाईंनी मागून बघितलं आणि त्यांना ती लगेच दिसली. हात नकळत कीबोर्डकडं गेला. "सरक बेटा, दोन मिनिटं. मी टाकून देतो."

आरिफा गोरीमोरी झाली. पण तिनं हात कीबोर्डवरून काढला नाही.

"काका, माफ करा. तुम्हाला नाही देता येणार. नियम आहे."

नजीरभाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"असंच म्हनाचं," ते म्हणाले. "मले बी."